जलशापासून मोबाईलच्या समूहापर्यंत

ज्ञातीच्या स्मरणिकेत चळवळींचा इतिहास कशास, असा प्रश्न काही वाचकबंधूंस पडेल. परंतु सातारा-सांगलीकडे माणसे कशी जोडली गेली हे पाहिल्यावाचून आपल्या मंडळाचीही घडण उमगावयाची नाही, असे आम्हांस वाटते.

१८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. संस्थापक जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. समाजाच्या विचारांची वृत्तपत्रे निघाली खरी. पण अक्षरओळख नसलेल्या कुणब्यापर्यंत पोहोचला तो जलसा. बाज तमाशाचा, म्हणून ओळखीचा. विचार मात्र नवा. खेळाच्या निमित्ताने गाव एकत्र बसे. त्या बैठकीत सारे भेद मिटले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

याच मशागतीवर पुढे प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील सत्यशोधक विचारांतूनच आलेले. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. १९४३ ते १९४६ या काळात कुंडलसारख्या गावांतून तुफान सेना, लोकन्यायालये व ‘गांधी लग्ने’ चालली. वाजंत्री नाही, हुंडा नाही, कर्ज नाही. लग्न हीच सभा. शिवाय भूमिगतास भाकर व आसरा देणारे घर पोलिसांचा रोष पत्करीत असे. एवढी जोखीम ज्यांनी मिळून घेतली, त्यांचे नाते निराळेच.

२०१६ साली सांगली व सातारा येथे मराठा क्रांती मूक मोर्चे निघाले, तेव्हा मार्ग, वेळ व आचारसंहिता व्हॉट्सॲप, फेसबुकवरून गावोगाव गेली. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात त्याच मार्गाने होड्यांची व अन्नाची हाक गेली, आणि मदत आली. तेव्हा या साधनास नावे ठेवणे आम्हांस पटत नाही.

तरीही एक गोष्ट मनास लागली आहे. गतवर्षी आपल्या एका ज्ञातिभगिनीच्या पतीच्या निधनाची वार्ता मंडळाच्या समूहावर क्षणात पसरली. जोडलेल्या हातांची चित्रे शेकड्यांनी आली. त्यांत आमचेही होते. आम्ही घरी गेलो ते नवव्या दिवशी. आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला व म्हणाल्या, “मंडळाचे तुम्हीच पहिले आलात.” यंदापासून प्रत्येक गावी दोन घरांनी असे जाण्याचा भार घ्यावा, अशी सूचना वार्षिक सभेपुढे आम्ही मांडीत आहोत.