गाडीतला गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल-मे महिन्यांत लासलगावच्या बाजार आवारात उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात असते. ट्रॅक्टरच्या रांगांमधून एखादी मोटार मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते, वाऱ्यावर कांद्याची टरफले उडत असतात आणि नेमका त्याच वेळी गाडीचा एसी गरम वारा फेकू लागतो. विंचूर मागे टाकून निफाडच्या रस्त्याला वेग घेतला, की तोच एसी पुन्हा गार! तरीही सल्ला ठरलेला असतो : "गॅस संपला असेल, भरून घ्या." या सल्ल्यामागे जवळजवळ एका शतकाचा इतिहास आहे आणि तो जाणून घेतला तर दुरुस्तीचा बराचसा खर्च वाचू शकतो.

आधी या गाडीचे दुखणे पाहू. वायू आतली उष्णता शोषून घेतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीतून ती बाहेर टाकतो. जाळीत टरफले आणि धूळ अडकली किंवा तिचा पंखा बंद पडला, तर उभ्या गाडीत उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. वेगात समोरून वारा मिळतो, म्हणून गारवा परततो. येथे आधी जाळी धुणे आणि पंखा तपासणे आवश्यक असते. नवा गॅस भरून काहीही साधत नाही.

मग गॅसकडेच प्रथम बोट का जाते?

१९२० च्या दशकातील शीतपेट्यांमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असत. थोडी गळती झाली तरी घर रिकामे करावे लागे. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीएफसी वर्गातील वायू हा पर्याय पुढे आणला. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच फुंकरीत सिद्ध झाले. मात्र त्याला वास नव्हता, त्रास नव्हता. त्यामुळे तो गळला तरी कोणाला कळत नव्हते आणि कळले तरी खुपत नव्हते.

१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार सादर केली. थंड करणारे यंत्र डिकीत आणि कॉम्प्रेसर इंजिनपाशी, असा तो लांबलचक संसार होता. कॉम्प्रेसर सोडवणारा क्लचही नव्हता. थंडीच्या दिवसांत एसी थांबवायचा तर बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे. हा प्रयोग लवकरच गुंडाळला गेला, पण इंजिनच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरवण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

गळतीचे मूळ याच पद्धतीत आहे. घरातल्या फ्रिजची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी कवचात बंद असतात, म्हणून तो गॅस न भरता वर्षानुवर्षे चालतो. मोटारीत कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर येतो आणि तेथे सील लागते. इंजिन थरथरते, म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. (हिवाळ्यात महिनोन्‌महिने एसी बंद ठेवला तर तेल न मिळाल्याने सील सुकते. अधूनमधून दहा मिनिटे तो चालवावा, हा जुन्या मेकॅनिकांचा आग्रह रास्तच आहे.) वायू झिरपत राहणार आणि तो स्वस्त असल्याने पुन्हा भरला जाणार, हा शिरस्ता पडला.

हा झिरपलेला वायू नाहीसा होत नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवले, की सीएफसी वर चढत जाऊन ओझोनच्या थराला पोखरतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगासमोर आली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मोटारींमध्ये 'आर-१२' च्या जागी 'आर-१३४ए' आला.

या बदलाने गॅरेजातील एक जुनी विद्याही मोडीत निघाली. गळती शोधण्यासाठी पूर्वी एक छोटी ज्योत नळ्यांजवळून फिरवत; सीएफसी मिसळताच ज्योत हिरवी होई. तो रंग क्लोरीनमुळे येई. नव्या वायूत क्लोरीन नाही, त्यामुळे कितीही गळती असली तरी ज्योतीचा रंग बदलेना! मग साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब आणि अतिनील प्रकाशात चमकणारा रंग ही साधने रुळली. तेलही बदलले. जुन्या-नव्या वायूंची सरमिसळ होऊ नये, म्हणून भरण्याची तोंडेसुद्धा मुद्दाम वेगळी ठेवली गेली.

सवय मात्र बदलली नाही. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे आजही सर्रास चालते. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल वायूबरोबरच फिरते. वायू घटला की तेल परतत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. हे टाळण्यासाठीच दाब फार उतरला की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गरम वारा हा त्या स्विचचा इशाराही असू शकतो. तो डावलून थेट जोडणी करणारे कारागीर भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. गळकी नळी किंवा सील बदलणे, निर्वात पंपाने आतली हवा व ओलावा काढणे आणि मग वजन करून वायू भरणे, हा खरा क्रम आहे.

'आर-१३४ए' ओझोनला इजा करत नाही, परंतु त्याची उष्णता कोंडण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापर भारताला २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून घटवत न्यायचा आहे. युरोपात नव्या मोटारी 'आर-१२३४वायएफ' कडे आधीच वळल्या आहेत. गाडीत कोणता वायू आहे आणि तो किती ग्रॅम भरायचा, हे सहसा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. गॅरेजमध्ये शिरण्यापूर्वी ती पट्टी वाचून ठेवावी.