सावद्याच्या उन्हाळ्यात ड्वार्फ हॅमस्टर पाळावा का?

रीलमध्ये तळहातावर बसून बी सोलणारा ड्वार्फ हॅमस्टर पाहिला की तो घरी आणावासा वाटतो. आणण्याआधी एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात त्याची खोली गार राहील का?

मूळ कुठलं?
सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया. थंड गवताळ आणि वाळवंटी प्रदेशातला हा निशाचर प्राणी बिळात राहतो. वजन फक्त २० ते ५० ग्रॅम, आयुष्य साधारण दीड ते दोन वर्षं.

उन्हाचा धोका किती?
त्याला घाम येत नाही. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. ३० अंशांच्या वर उष्माघाताची भीती असते. खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्यातच वीजही जाते.

काय करावं?
पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. आत फरशीचा तुकडा ठेवा. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवा. कूलरचा झोत थेट नको. हॅमस्टर निपचित पडला किंवा धापा टाकू लागला तर गार जागी हलवा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आपली केळी चालतात का?
नखाएवढा तुकडा, तोही क्वचित. कॅम्पबेल जातीला मधुमेहाचा धोका असतो, तिला नकोच.

उन्हाळ्यात खोली गार ठेवण्याची सोय नसेल, तर हॅमस्टर न आणणं हीच त्याच्यावरची माया.