शंभर अक्षरांची जागा

सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. मापाबाहेर ओतलं की सांडतं, हे इथे सांगायला नको. संगणकात मात्र सांडलेलं शेजारच्या भांड्यात शिरतं.

लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या उघडण्याचं काम बरीच वर्षं एक्स सर्व्हर करत आला. हे एक्स एमआयटीत १९८४ साली जन्मलं. १९९१ साली त्याच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागात एक चूक शिरली. अक्षराच्या नावाला जागा १०० बाइटची, पण येणारं नाव किती लांब, हे मोजलंच जात नव्हतं. मुद्दाम लांब नाव घातलेली फाइल दिली की शेजारची मेमरी बिघडे. त्यात हा सर्व्हर पुष्कळदा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने चाले! साध्या वापरकर्त्याच्या हाती अख्ख्या यंत्राच्या किल्ल्या जाऊ शकत होत्या.

चूक जाहीर झाली जानेवारी २०१४ मध्ये, तीही सीपीपीचेक या तपासणी-प्रोग्रॅममुळे. २२ वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा होता. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे भाट्ट मीमांसकांची अनुपलब्धी आठवते. घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असं उजेडातच म्हणता येतं, अंधारात नाही. कोड उघडा होता खरा, पण त्यावर उजेड कोण धरत होतं?

दुरुस्ती एवढीच: वाचताना ९९ अक्षरांची मर्यादा. शंभरावी जागा शेवटच्या शून्यासाठी.