दोन्ही डोळे उघडे

३० जुलै २०२४, फ्रान्समधलं शातोरू. १० मीटर एअर पिस्तूल, मिश्र दुहेरी. तुर्कीचा ५१ वर्षांचा युसुफ दिकेच, एक हात खिशात, साधा चष्मा, दोन्ही डोळे उघडे, आणि रौप्यपदक. ब्राँझ आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगचं, पण मीम सगळे दिकेचचे! शेजारी कोरियाच्या किम ये-जीचा फोटो लावून नेटकऱ्यांनी निकालच दिला: ती गॅजेटवाली, हा अस्सल.

मला हे पटत नाही. दोघांपुढचा प्रॉब्लेम एकच आहे.

पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे छोटा उंचवटा, म्हणजे माशी. त्यापलीकडे लक्ष्य. अंतरं तीन, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. नवखा माणूस लक्ष्याकडे बघतो, तिथेच फसतो. गणित बघा ना: खाच ते माशी साधारण ३३ सेंमी. माशी खाचेत १ मिमी सरकली, की १० मीटरवर छर्रा ३० मिमी बाजूला. दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमी रुंद, म्हणजे दहाचे थेट सात! उलट सगळा हातच सरळ १ मिमी सरकला, तर चूकही १ मिमीचीच. म्हणून माशी स्पष्ट हवी, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं.

पूर्वी मागे व्ही आकाराची खाच आणि पुढे गोल मणी असायचा. १९व्या शतकाच्या शेवटी ई. ई. पॅट्रिज या अमेरिकन नेमबाजानं दोन्ही चौकोनी केले. माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या पट्ट्या दिसल्या, की नेम बरोबर. स्पर्धेत आजही तोच आकार चालतो. (आमच्याकडे बटणाचा रंगसुद्धा दोन स्प्रिंट टिकत नाही.)

दुर्बीण, लेझर पिस्तुलावर चालत नाही, चेहऱ्यावर भिंग चालतं. किमच्या चष्म्यातलं बारीक छिद्र कॅमेऱ्याच्या अ‍ॅपर्चरसारखं काम करतं, त्यातून जवळचं आणि लांबचं दोन्ही जरा जास्त स्पष्ट दिसतं. दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी नको असलेलं चित्र झाकते. दिकेच तेच चित्र झाकत नाही, त्याचा मेंदू ते बाजूला टाकतो. डोळा मिटायचा ताण नाही, पण ही सवय एका रात्रीत लागत नाही. पॅरिस हे त्याचं पाचवं ऑलिम्पिक होतं, आणि पदक पहिलं.

चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि आधी माशीच धूसर होते. म्हणून अनेक वयस्क नेमबाज चष्म्याचा नंबर लक्ष्यासाठी नाही, तर एक मीटरच्या आतल्या त्या माशीसाठी काढून घेतात.