स्थूल आणि सूक्ष्म

आपल्या परभणी जिल्ह्यातील पाथरी म्हणजेच जुने पार्थपूर, असे अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराज या ज्योतिर्विदाने 1503 च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ रचले. त्याचा पुत्र सूर्यदास याने 1541 मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे किती वीज खातात, याची चर्चा आज जगभर चालली असता या पितापुत्रांचे स्मरण आम्ही करतो, ते अकारण नव्हे. श्रम वाचवायचे तर गणितातला अचूकपणा किती सोडावा, हा प्रश्न तेव्हाही होता.

1150 मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त परिघ काढण्याच्या दोन रीती आहेत. व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागणे ही सूक्ष्म. 22 ने गुणून 7 ने भागणे ही स्थूल, पण व्यवहाराला पुरेशी. वीस हात व्यासाच्या विहिरीला दोन्ही उत्तरांत अर्ध्या अंगुळाहून किंचित अधिक फरक पडतो. तेवढ्यासाठी गवंड्याने मोठा गुणाकार का करावा?

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ याच वाटेने पुढे गेले. 1520 च्या ‘ग्रहलाघवा’त त्यांनी ज्या-चापांचे किचकट गणित टाळले आणि दिवसांची संख्या लहान राहावी म्हणून 4016 दिवसांची, म्हणजे सुमारे अकरा वर्षांची, चक्रे योजली. महाराष्ट्रातील पंचांगकर्ते त्यावर शतकानुशतके विसंबले. परंतु बारीक चूक वर्षानुवर्षे साचत गेली, पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांना वेधांशी जुळणारे पंचांग सिद्ध करावे लागले.

आता यंत्राकडे वळू. चित्रातले जनावर गाय की म्हैस, हे ठरविण्यासाठी यंत्र कोट्यवधी गुणाकार करते. शेवटी कोणता कौल वरचढ, एवढेच पाहावयाचे असल्याने प्रत्येक संख्या 32 बिटांत लिहिण्याची गरज सहसा नसते. 2014 मध्ये मार्क होरोविट्झ यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार, 45 नॅनोमीटरच्या चिपवर 32 बिटांच्या दशांशी गुणाकाराला 3.7 पिकोज्यूल, तर 8 बिटांच्या पूर्णांकी गुणाकाराला 0.2 पिकोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे सुमारे अठरा पट फरक. गूगलने 2015 पासून वापरलेल्या खास चिपमध्ये गुणाकार 8 बिटांचे होते, बेरीज मात्र 32 बिटांत ठेवली जाई. आपला वाणी ज्वारी मोजताना गुंजेचा विचार करीत नाही, पण खतावणीची बेरीज पैशापर्यंत जुळवितो. तोच हा न्याय. यंत्राला शिकवितानाही अंक अधिक सूक्ष्म लागतात, कारण तेथल्या इवल्या दुरुस्त्या स्थूल अंकांत शून्य होऊन जातात.

मग हानी कोणाची? मोठ्या भाषिक यंत्रांचे अंक असे आखूड केले असता, लॅटिन लिपीबाहेरच्या भाषांची गुणवत्ता अधिक घसरते, असे 2024 च्या एका अभ्यासात आढळले. सरासरी चांगली दिसते आणि देवनागरीत विचारणाऱ्याच्या पदरी चुकीचे उत्तर पडते.

काटकसर वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. वाचलेली वीज मोलाचीच आहे. पण स्थूल मान घेणाऱ्याने ते कोठवर चालते, हेही पाहिले पाहिजे. छत्र्यांनी पंचांग आकाशाशी ताडून पाहिले. आपण ही यंत्रे मराठीशी ताडून पाहिली पाहिजेत, आणि तीही चूक साचण्यापूर्वी.