पाच टक्क्यांची हमी

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्या चार वर्षं आधीचा, 1849 चा करार मात्र कुणी शिकवत नाही. आज आपल्याला तोच बघायचा आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनची खासगी कंपनी. तिने भांडवल उभं करायचं, ईस्ट इंडिया कंपनीने जमीन फुकट द्यायची, आणि भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी. गाडीने कमावलं नाही तर? फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून. आता ही तिजोरी भरायचं कोण? शेतसारा भरणारा रयत आणि मीठ विकत घेणारं प्रत्येक घर. म्हणजे उद्योग खासगी, जोखीम सार्वजनिक! शेअर कुणाचे, तर बहुतेक सगळे इंग्लंडातल्या लोकांचे.

अशा व्यवस्थेत काटकसर कोण करणार? व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखातं सांभाळलेले विल्यम मॅसी यांनीच 1872 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केलं की, पाच टक्के पक्के असल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात गेला काय आणि हुगळी नदीत गेला काय, गुंतवणूकदाराला सारखंच होतं. हे बोलणारा कुणी राष्ट्रवादी नव्हे, सरकारचाच माणूस होता!

त्यात हमी पौंडात. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा शंभर पौंडांवरचं पाच पौंड व्याज पन्नास रुपयांत भागायचं. तो एक शिलिंग चार पेन्सवर आल्यावर त्याच पाच पौंडांना पंचाहत्तर रुपये पडू लागले. लंडनच्या भागधारकाला याची झळ नाही. ती सगळी इकडे.

रेल्वेचा उपयोग झालाच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनेत धान्य पोचलं ते रेल्वेनेच. पण धान्य पोचलं तरी ते घ्यायला लोकांपाशी पैसा नव्हता, आणि विहिरी, बंधारे, कालवे यांना सरकार हात आखडूनच पैसा देत होतं. नेमकी हीच तुलना गणेश व्यंकटेश जोशी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आकडे घेऊन मांडत होते. (सार्वजनिक काका ते वेगळे, हो! हे सोलापूरकडचे शिक्षक.) 1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे याच जोशींचा हात होता. तिथे वय वर्षं तीस, आणि समोर हिंदुस्थानचा सगळा जमाखर्च.

सगळ्या रेल्वेंचा हिशेब सरकारच्या बाजूने नफ्यात यायला 1900 उजाडलं. त्याच वर्षी सरकारने जीआयपी विकत घेतली. चालवायला मात्र 1925 पर्यंत पुन्हा कंपनीकडेच दिली.