हवा, पोलाद आणि मुरमाची वाट

१/९
गोंदिया स्थानकात वंदे भारत एक्स्प्रेस थांबते, तेव्हा तिचे डबे हवेच्या फुग्यांवर तोललेले असतात. त्याच जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना नेणारी मारुती जिप्सी मात्र पोलादी पाट्यांवर चालते. नवे तंत्र रुळांवर आणि जुने जंगलात, असे का? या प्रश्नामागे अडीच शतकांचा इतिहास आहे.

२/९
झाडीपट्टीच्या पारंपरिक बैलगाडीला स्प्रिंग नव्हतीच. धानाच्या बांध्यांतला प्रत्येक धक्का चाकातून आसाकडे आणि आसातून थेट माणसाच्या पाठीत जाई. वेग बैलाचा, म्हणून हे सोसवत असे. वाहनाचा वेग वाढला, तसा धक्का पोटात घेणारा दुवा अपरिहार्य झाला.

३/९
इंग्लंडमध्ये १७६३ साली ट्रेडवेल यांनी घोडागाडीसाठी कॉइल स्प्रिंगचे पेटंट घेतले. परंतु बाजी मारली पाट्यांच्या कमानीने. ओबाडाया इलियट यांचे त्याविषयीचे पेटंट १८०४चे. कारण साधे होते. कमान भार पेलते, आसाला जागेवर धरते आणि पाटे एकमेकांवर घासल्याने हेलकावेही शमवते. कॉइल केवळ भार पेलते. उरलेल्या कामांसाठी दांडे आणि शॉक ॲब्झॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘शॉकअप’, लागतात.

४/९
म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप कमानींवर धावली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी तीच जीप भारतात जुळवली. १९८५मध्ये आलेल्या जिप्सीलाही पुढे-मागे कमानीच होत्या. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. तेथील मुरमाच्या वाटांना अशीच साधी, दणकट गाडी मानवली.

५/९
कॉइलचे पुनरागमन घडवले १९७०च्या रेंज रोव्हरने. चारही चाकांना कॉइल दिल्याने चाकाला वर-खाली होण्यास अधिक वाव मिळाला आणि खडकाळ जमिनीवरही ते टेकून राहू लागले. याच कंपनीने १९९२मध्ये हवेची स्प्रिंग आणली. बटण दाबताच गाडी उंच व्हायची! पुढे फुगे गळू लागले, तेव्हा ते काढून कॉइल बसवण्याचे तयार संचही बाजारात आले.

६/९
दोहोंतील भेद सतराव्या शतकातील दोन नियमांत आहे. रॉबर्ट हूक यांचा नियम (१६७८) : स्प्रिंगवर भार दुप्पट, तर दबणेही दुप्पट. रॉबर्ट बॉइल यांचा नियम (१६६२) : तापमान स्थिर असता वायूचे आकारमान निम्मे, तर दाब दुप्पट. म्हणून वायू जितका दबतो तितका ताठर होत जातो. मोठ्या उडीनंतर गाडी तळाशी आपटू नये, यासाठी हा गुण मोलाचा. शिवाय पोलादी गुंडाळीचे वजनही वाचते.

७/९
मात्र वायूला उष्णता बाधते. सतत दणके खाणाऱ्या शॉकअपमधील वायू २७ अंशांवरून ८७ अंश सेल्सिअसला पोहोचला, तर आकारमान तेच असता दाब सुमारे २० टक्के वाढतो. गाडीची उंची आणि ताठरता वाटेतच बदलते. पोलादाला एवढ्या तापाने जवळजवळ फरक पडत नाही. विदर्भातील मे महिना आठवा!

८/९
मग रेल्वेला हवा का परवडते? ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या नागपूर–बिलासपूर वंदे भारतमध्ये प्रवासी चढले-उतरले, तरी दाब कमी-अधिक करून डब्याची उंची कायम राखता येते. गाडीत कॉम्प्रेसर असतो, मार्ग आखीव असतो आणि देखभालीस डेपो असतो. जंगलात यांपैकी काहीच नाही. तेथे एक सील फाटले की गाडी बसते. कमानीचा एखादा पाटा तुटला, तर उरलेल्या पाट्यांवर गाडी सावकाश का होईना, गेटपर्यंत येऊ शकते.

९/९
आज २०२०ची नवी थार आणि २०२३ची जिम्नी दोन्ही कॉइलवर आहेत. यंत्राचा इतिहास म्हणजे केवळ नव्याने जुन्याला हरवण्याची कथा नव्हे. कोणते तंत्र टिकणार, हे वाट ठरवते आणि ती गाडी दुरुस्त करणारे हातही ठरवतात.